दारुड्याची बायको: एका हुद्द्याचा इतिहास

गावगाड्यावरच्या कुठल्याही पुस्तकात बारा बलुतेदारांची यादी असते. सुताराला खळ्यावर काय मिळायचं, न्हाव्याला वर्षाचं किती धान्य, पोळ्याला पहिला बैल कुणाचा, सगळं नीट लिहिलेलं असतं. त्या यादीत एक हुद्दा राहून गेला आहे: दारुड्याची बायको. आमच्या आणे पठारावर वाडीवाडीत ही बाई असायची. तिची कामं ठरलेली होती, आणि ती चोख केली की तिला मानही मिळायचा. हुद्दा बिनपगारी, रजा नाही, आणि बहुतेक वेळा वारशानं थोरल्या लेकीकडे जाणारा. माझी आई त्या हुद्द्यावर होती, मी तिच्या हाताखाली तयार झाले. पुढे आरोग्य सेविका म्हणून पठारावर आणि खाली बेल्ह्याकडे नोकरी केली. लसीची पेटी घेऊन घराघरात गेले, तेव्हा हा हुद्दा किती घरांत भरलेला आहे ते कळलं.

आधी पठाराबद्दल. जुन्नर तालुका म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे शिवनेरी येतो, धरणं येतात, नारायणगावची द्राक्षं आणि ऊस येतो. कल्याण-नगर रस्त्यानं आळेफाटा, बेल्हे मागं टाकून गुळुंचवाडीजवळ आणे घाट चढलात की हा हिरवा तालुका संपतो. वर आणे, पेमदरा, नळवणे, शिंदेवाडी. धरणं खाली, आम्ही वर. पाणी काही घाट चढत नाही. बाजरी, हुलगा, मटकी, आणि पावसानं तोंड दाखवलं तर कांदा. एवढ्यावर घर चालत नाही, म्हणून पुरुष मुंबईला. जुन्नर-आंबेगावचा माणूस मुंबईत डबे पोचवतो, भाजीबाजारात असतो, गोदामात पाठीवर पोती वाहतो. गावाकडे बाई शेत बघते, गुरं बघते, सासू-सासऱ्यांचं बघते. मनीऑर्डर आली तर त्यात भागवते, नाही आली तरी भागवते. मला वाटतं, आमच्याकडचा हा हुद्दा समजायला इथूनच सुरुवात करावी लागते. नवरा दारू पिऊ लागला तेव्हा या बायकांना घर एकटीनं ओढायला नव्यानं शिकावं लागलं नाही. ते त्या आधीच करत होत्या. तो पिऊन पडला म्हणून घर पडलं नाही, आणि घर पडलं नाही म्हणून त्याला पीत राहायला काही अडचण आली नाही.

माझे वडील, आम्ही त्यांना तात्या म्हणायचो, मस्जिद बंदरला धान्याच्या गोदामात हमाली करायचे. ते मुंबईला गेले तेव्हा तिथं दारूबंदी होती, म्हणजे दारू आंटीच्या अड्ड्यावर मिळत होती. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यानं दुकानं बंद केली आणि शहरात आंट्यांना, खेड्यात काळ्या गुळाला आणि नवसागराला गिऱ्हाईक मिळवून दिलं. त्याच्याही आधीची गोष्ट उलटी. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्यानं इंग्रज सरकारनं दारू गाळणं-विकणं आपल्या परवान्याखाली आणलं आणि त्यातून तिजोरी भरू लागली. पुण्याच्या नगरपालिकेत असताना जोतीराव फुल्यांनी १८८० साली दारूच्या दुकानांना विरोध केला. आमच्या तालुक्यात ओतूर-जुन्नरकडे सत्यशोधकांचं बळ मोठं होतं, तेव्हा ही ओरड इथंही पोचली असणार. सरकारं बदलली. कधी दारू विकून पैसे केले, कधी बंदी घालून हप्ते पोसले. या सगळ्या काळात एक नेमणूक मात्र कुणी रद्द केली नाही, ती आमच्या आईची.

कामं काय होती? पहिलं म्हणजे खोटं बोलणं. १९६९ चा माथाडी कायदा आल्यावर तात्यांचं नाव बोर्डात लागलं, पगाराला शिस्त आली, फंड कापला जाऊ लागला. चांगली नोकरी. तात्या गावी यायचे आणि परत जायचं नाव काढायचे नाहीत. मग आई आळेफाट्याहून एसटी धरायची, माळशेज उतरून कल्याण, तिथून लोकलनं मस्जिद. मुकादमापुढं डोक्यावरचा पदर सावरून उभी राहायची आणि सांगायची, ह्यांना टायफॉइड झालाय. एकाच वर्षात तात्यांना टायफॉइड, कावीळ आणि विंचूदंश झाल्याचं मला आठवतं. मुकादमाला सगळं ठाऊक होतं. पण बाईमाणूस घाट उतरून एवढ्या लांब आलंय म्हटल्यावर तो नाव कापायचा नाही.

दुसरं काम उधारीचं. गुत्त्यावरची उधारी ही घरची अब्रू समजली जायची. १९७२ च्या दुष्काळात आई रोजगाराच्या कामावर खडी फोडायला जायची. तिथं सुकडी मिळायची, रेशनला लाल मिलो. तळहाताला फोड, नखांत दगडाची पूड. हप्त्याची मजुरी हातात पडली की घरी येण्याआधी ती वाकडी वाट करून ओढ्याकाठच्या भट्टीवाल्याच्या घरी जायची आणि तात्यांचे पैसे चुकते करायची. भट्टीवाला म्हणायचा, वहिनी, तुमच्यासारखी लक्ष्मी घरात आहे म्हणून ठीक आहे. त्याच्या दृष्टीनं ते शंभर टक्के खरं होतं.

तिसरं काम म्हणजे घर चांगलं चाललं आहे असं दाखवणं. आण्याची रंगदास स्वामींची यात्रा आमटी-भाकरीसाठी दूरवर माहीत आहे. ऐन थंडीत भरते. मोठमोठ्या कढयांतून आमटी शिजते आणि गावातल्या घराघरातून भाकरी येतात. कुणी एकानं सगळ्या करायच्या नाहीत, सगळ्यांनी थोड्या थोड्या करायच्या, अशी ती सुंदर रीत. पण ज्या वर्षी तात्या पडवीत पडलेले असायचे, त्या वर्षी आमच्या घरून जास्त भाकरी जायच्या. आई पहाटे तीनला उठायची. मी पीठ मळून द्यायचे, ती थापायची. परातीतली चवड वाढत जायची तसा तिचा चेहरा खुलायचा. बायका म्हणायच्या, बघा, नवरा असा असून बाईनं घर कसं सांभाळलंय. या एका वाक्यावर आई पुढचं वर्ष काढायची.

माझं काम वेगळं होतं. अंगणात चपला वाजल्या की त्या आवाजावरून आज किती झालीय ते ओळखायचं आणि धाकट्यांना त्याप्रमाणे झोपवायचं किंवा शेजारी पाठवायचं. फरफटत आलेली चप्पल बरी, माणूस पडून झोपणार. टाचा आपटत आलेली वाईट. सोमवारी बेल्ह्याचा बाजार असायचा, तिथं बैलबाजाराच्या कडेला त्यांना शोधायचं. शाळेत गुरुजींनी विचारलं तर आजोबा आजारी म्हणायचं. आजोबा कधीच वारले होते. आठवीपर्यंत मी घरची कारभारीण झाले होते, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडतही होतं. मोठी माणसं माझ्याशी मोठ्या माणसासारखं बोलायची.

या सगळ्याला मराठी मनानं देव्हाऱ्यात बसवलं, ते सिंधूच्या रूपानं. राम गणेश गडकऱ्यांचं ‘एकच प्याला’ त्यांच्या निधनानंतर १९१९ मध्ये गंधर्व नाटक मंडळीनं रंगमंचावर आणलं. बालगंधर्व सिंधू झाले, आणि महाराष्ट्र रडला. सिंधूच्या नवऱ्याची, सुधाकराची, दारू हा नाटकाचा विषय, असं आपण शाळेत शिकतो. मला मोठेपणी नाटक वाचताना सारखं वाटत होतं की खरा विषय सिंधू आहे. ती दळणकांडण करून घर चालवते, माहेरची मदत नाकारते, मूल गमावते, आणि मरता मरता फौजदाराला खोटा जबाब देऊन त्याच नवऱ्याला वाचवते. प्रेक्षकांनी त्या खोट्या जबाबाला टाळ्या दिल्या आहेत. माझ्या आईनं हे नाटक पाहिलेलं नव्हतं. तरी मुकादमापुढचा टायफॉइड त्याच घराण्यातला. त्या नाटकात दुसऱ्या दारुड्याची, तळीरामाची, बायको गीता आहे, फटकळ, नवऱ्याला तोंडावर बोलणारी. तिच्यावर लोक हसतात. तिच्या नावानं कुणी डोळे पुसल्याचं ऐकिवात नाही. गीता जगते, हे मात्र कुणी ध्यानात घेत नाही.

दारू सोडवायचे उपाय आमच्याकडे भरपूर होते. आमचा मुलूख वारकऱ्यांचा. आळ्याला ज्ञानोबांच्या रेड्याची समाधी, ओतूरला तुकोबांचे गुरू बाबाजी चैतन्य. तेव्हा पहिला उपाय माळ. गळ्यात तुळशीची माळ पडली की दारू-मटण बंद, एकादशी धरायची, वारी करायची. या माळेनं पठारावरची कित्येक घरं खरोखर वाचवली, हे मी डोळ्यांनी पाहिलंय आणि कुणी त्याला अंधश्रद्धा म्हटलं तर मी भांडेन. माळकऱ्यांत माणसाला पिण्याऐवजी बसायला दुसरी जागा मिळते, टाळ मिळतो, चार सोबती मिळतात. मात्र काहीजण संध्याकाळी माळ खुंटीला अडकवून जायचे आणि सकाळी परत घालायचे, तेही खरं. दुसरा उपाय नळवण्याच्या खंडोबाचा: भंडारा उचलून शपथ. तिसरा गुपचूप. कुणीतरी पुड्या विकायचा, न सांगता चहात घाला म्हणायचा. त्यातल्या काही पुड्यांत डायसल्फिराम असायचं. हे औषध १९४८ मध्ये डेन्मार्कमधून दारूवरचा उपचार म्हणून पुढं आलं. ते पोटात असताना माणूस प्यायला तर चेहरा लाल होतो, उलट्या होतात, छाती धडधडते, जिवावरही बेतू शकतं. डॉक्टरच्या देखरेखीखाली, पिणाऱ्याला सांगून द्यायचं औषध ते. बायका ते चहातून देत होत्या आणि रात्रभर उशाशी बसून नवऱ्याचा श्वास मोजत होत्या. म्हणजे कामात आणखी एका कामाची भर.

चौथा उपाय शेजारच्या पारनेर तालुक्यातून आला. १९७५ मध्ये सैन्यातून परतलेल्या अण्णा हजारेंनी राळेगणसिद्धीत दारूच्या भट्ट्या बंद पाडल्या. ऐकत नसलेल्या पिणाऱ्याला यादवबाबांच्या मंदिराजवळ खांबाला बांधून पट्ट्यानं फोडून काढायची रीत तिथं पडली. आमच्याकडे तिचं फार कौतुक झालं. मला ती कधी पटली नाही. चव्हाट्यावर मार खाल्लेला माणूस रात्री जाणार कुठं? घरीच. त्याचा अपमान पुसायला आणि त्याची पाठ शेकायला पुन्हा तीच बाई. तरी एक गोष्ट राळेगणनं दाखवून दिली, की दारू हा एका बाईच्या नशिबाचा प्रश्न नाही, गावाचा आहे. पुढे राज्यात बायकांच्या मतदानानं दुकान बंद करण्याची सोय झाली. पंचवीस टक्के बायकांनी मागणी करायची आणि निम्म्याहून जास्त बायकांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारायचा. ‘उभी बाटली, आडवी बाटली’ म्हणतात ते हेच. त्या रांगेत मी बायकांना हसताना पाहिलंय. दारूबद्दल बोलताना बायका हसतात, हे मला नवीन होतं.

पण हे सगळे उपाय त्याच्यासाठी. माळ त्याच्या गळ्यात, भंडारा त्याच्या हातात, पुडी त्याच्या चहात, पट्टा त्याच्या पाठीवर. तिला काय झालंय, हे कुणी विचारलेलं नाही. तिला काही झालंय असं कुणाला वाटलंच नव्हतं. ती तर लक्ष्मी होती.

तिला काय झालं होतं, ते मी पाहिलं तात्यांनी आळंदीला माळ घातली तेव्हा. त्यांनी खरंच सोडली. सकाळी उठून गुरं सोडायचे, हरिपाठाला जायचे. आमच्या घरात आनंदीआनंद व्हायला हवा होता. आई मात्र दिवसेंदिवस चिडकी होत गेली. ते बाहेरून आले की काहीतरी निमित्त काढून जवळ जायची आणि वास घ्यायची. पैसे पूर्वीसारखेच पिठाच्या डब्यात लपवायची. त्यांनी कांद्याचा व्यवहार स्वतः करतो म्हटलं, तर तिनं दोन दिवस तोंड फिरवलं. आम्हाला म्हणायची, आता बघा, फार दिवस टिकायचं नाही. टिकलंही नाही. एका लग्नात घोट घेतला आणि गाडी पुन्हा रुळावर, म्हणजे रुळाखाली. त्या रात्री त्यांना उचलून आणताना कंदिलाच्या उजेडात मी आईचा चेहरा पाहिला. ती थकली होती, रडत होती, शिव्या देत होती. आणि तरतरीत होती. कितीतरी महिन्यांनी तिच्या हाताला तिचं काम लागलं होतं.

मला त्या वेळी ते शब्दांत सांगता आलं नसतं. पुढे नोकरीतल्या प्रशिक्षणांमध्ये, पुस्तकांमध्ये या गोष्टीची दुसरी टोकं सापडली. अमेरिकेत १९३५ मध्ये बिल नावाच्या एका दारुड्यानं आणि बॉब नावाच्या एका डॉक्टरनं मिळून अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस सुरू केलं. बिलची बायको लोइस. तिनं वर्षानुवर्षं नोकरी करून त्याला पोसलं, त्याला दारूतून काढायचा ध्यास घेतला, आणि तो सुटला तो तिच्यामुळं नाही, तर त्याच्यासारख्याच चार पिणाऱ्यांच्या संगतीनं. एके दिवशी तो सहज म्हणाला, चल, सभेला उशीर होतोय. लोइसनं बूट फेकून मारला. ही गोष्ट तिनं स्वतःच सांगितलेली आहे. तो बरा झाल्याचा तिला राग आला होता, आणि असा राग येतोय म्हणजे आपल्यालाही काहीतरी झालंय, हे त्या बुटानं तिला कळलं. १९५१ मध्ये तिनं पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी अल-अनॉन काढलं. त्यातलं मुख्य सांगणं साधं आहे: दारू तू लावलेली नाहीस, तू ती आवरू शकत नाहीस, तू ती बरी करू शकत नाहीस, तू तुझं बघ. १९८६ मध्ये मेलडी बीटी या बाईंचं पुस्तक आलं आणि कोडिपेंडन्सी, म्हणजे दुसऱ्याला सांभाळण्यात स्वतःला हरवणं, हा शब्द जगभर पसरला.

त्याच १९८६ मध्ये, २९ ऑगस्टला, पुण्यात येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं. हे सांगताना मला तालुक्याचा अभिमान आवरत नाही, कारण या केंद्रामागचे लेखक अनिल अवचट आमच्या ओतूरचे, आमच्याच कल्याण-नगर रस्त्यावरचे. गर्दच्या, म्हणजे ब्राऊन शुगरच्या, व्यसनावर त्यांनी लिहिलेले लेख वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले आणि त्यांनी केंद्रासाठी लाखाची देणगी दिली. केंद्र उभं केलं ते अवचटांच्या पत्नी डॉ. अनिता अवचट यांनी. त्या मनोरुग्णालयात डॉक्टर होत्या. तिथं पिणाऱ्याबरोबर त्याच्या बायकोलाही बोलावलं जाऊ लागलं. नुसतं त्याची माहिती द्यायला नव्हे. बायकांचा वेगळा गट झाला, त्याचं नाव सहचरी. अनिताबाई १९९७ मध्ये गेल्या. त्यांची लेक मुक्ता पुणतांबेकर यांनी पुढं काम चालवलं. नवऱ्याची गाऱ्हाणी सांगायला आमच्या बायकांना जागा कमी नव्हत्या: पाणवठा, दळणाची गिरणी, एसटी. पण तिथं बाई बोलते ती त्याच्याबद्दल, ऐकणाऱ्या बायका बोलतात त्याही त्याच्याबद्दल. दहा बायका बसल्यात आणि बोलणं तिच्या झोपेचं, तिच्या रागाचं, तिच्या मुलांशी तुटलेल्या बोलण्याचं चाललंय, ही बैठक नवी होती.

पुण्यामुंबईच्या शहाण्यांशी माझं एक भांडण मात्र आहे. अमेरिकन पुस्तक म्हणतं, अलिप्त हो. अलिप्त होऊन जायचं कुठं? सातबारा त्याच्या नावावर, घर सासऱ्याच्या नावावर, माहेर म्हणजे भावजयीचं राज्य. माझी आई भट्टीवाल्याचे पैसे चुकते करायची त्यात मनाचा आजार असेलही, पण हिशेबही होता. उधारी थकली तर जमिनीचा तुकडा जाणार आणि त्या तुकड्यावर तिची भाकरी होती. म्हणून आमच्याकडच्या बाईच्या सुटकेचा इतिहास एकट्या समुपदेशनाचा नाही. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीची हाक दिली आणि कितीतरी शेतकऱ्यांनी बायकोच्या नावावर जमिनीचा तुकडा केला. घराच्या उताऱ्यावर नवऱ्याबरोबर बायकोचं नाव लागू लागलं. २००५ चा घरगुती हिंसाचाराविरुद्धचा कायदा आला. त्यानं बाईला राहत्या घरातून हाकलता येणार नाही असं सांगितलं. आणि बचत गट आले, त्यांच्यासोबत बँकेचं पासबुक, तिच्या एकटीच्या सहीचं. आधी पासबुक, मग अलिप्तपणा. हा क्रम शहरात उलटा असेल, आमच्याकडे असाच आहे.

पठारावरच्या एका वाडीतल्या सुनेची गोष्ट सांगते. नाव-गाव सांगणार नाही. नवरा टेम्पो चालवायचा. पुण्याला उपचार घेऊन आला, काही महिने बरा राहिला, पुन्हा घसरला. तोवर ही दोन-चार वेळा त्या बायकांच्या बैठकीला जाऊन आली होती. एका सकाळी दुकानापुढं माणसं असताना ती गेली आणि दुकानदाराला म्हणाली, “भाऊ, आजपासून ह्यांच्या नावावर काही दिलं तर ह्यांच्याकडूनच घ्या. मी देणार नाही.” एवढंच. आवाज चढवला नाही. दुकानदार म्हणाला, “वहिनी, आजवर कधी अडलंय का?” ती म्हणाली, “आजवर नाही अडलं, तेच चुकलं.” संध्याकाळपर्यंत वाडीभर झालं. सासू म्हणाली, माझा मुलगा ओढ्यात पडून मेला तर? शेजारणी म्हणाल्या, कसलं गं काळीज हिचं. ज्या बायका तिला माउली म्हणायच्या त्याच तिला अट्टल म्हणू लागल्या. जागा रिकामी होते आहे म्हटल्यावर सगळ्या वाडीनं मिळून तिला परत त्याच जागेवर बसवायचा प्रयत्न केला. एका रात्री तो रस्त्याकडेला पडलाय असा निरोप घेऊन दीर आला. ती म्हणाली, “भाऊजी, तुम्ही उचलून आणा. पडवीत अंथरूण घातलंय.” आणि आत जाऊन झोपली. दिरानं एकट्यानं त्याला आणलं, कपड्यांची घाण काढली, आणि दुसऱ्या दिवशी भावाशी पहिल्यांदा कडक बोलला. इतकी वर्षं त्याला तसं बोलायची पाळीच आली नव्हती.

तिनं नवऱ्याला टाकलं नाही. त्याचं ताट वाढून झाकून ठेवायची, कपडे धुवायची. फक्त मुंबई-पुण्याच्या मालकाला फोन करून खोटं बोलायचं बंद केलं, आणि रात्री जागायचं बंद केलं. मला सगळ्यात आधी बदल दिसला तो मुलाच्या वागण्यात. तो सातवीत होता. आधी कुणाला घरी आणायचा नाही. मी एकदा गोळ्या द्यायला गेले तर अंगणात चार पोरं गोट्या खेळत होती. त्याला विचारलं, बाबा कुठंय रे? “झोपलेत. प्यायलेत,” म्हणाला, आणि गोटी मारली. आजोबा आजारी नाहीत, टायफॉइड नाही. मी त्या अंगणात उभी राहिले आणि मला हेवा वाटला.

नवऱ्याचं पुढं काय झालं, हे सगळे विचारतात. तो कधी सोडतो, कधी धरतो. अलीकडे बराच काळ सोडलेली आहे. पण ही त्याची गोष्ट नाही.

माझी स्वतःची गोष्ट त्याहून कमी देखणी आहे. तात्या गेले, आई गेली, पण माझा हुद्दा गेला नाही. काम बदललं फक्त. धाकटा भाऊ दारूच्या थेंबाला शिवत नाही. त्याला व्यवहार जमत नाही, किंवा जमवायची गरज पडलेली नाही, कारण त्याच्या ट्रॅक्टरचे हप्ते माझ्या पगारातून जायचे. तो मागायचाही नाही. मीच त्याच्या बायकोला फोन करून विचारायचे, या महिन्याचं झालं का? निवृत्त झाल्यावर त्याला सांगितलं, आता तू भर. त्या वर्षी भाऊबीजेला तो आला नाही. भावजयीनं फोनवर ऐकवलं, ताई, तुम्ही बदललात. मी ते मान्य केलं. ट्रॅक्टर फायनान्सवाल्यानं ओढून नेला, मग यानं धावपळ करून सोडवून आणला, कांदा थोडा आधी विकला, नुकसान सोसलं. पुढच्या यात्रेला आला तेव्हा माझ्या चुलीपाशी बसला, भाकरी भाजू लागला, दोन करपवल्या. मग म्हणाला, “तुझे गुडघे कसे आहेत गं?” आमच्या उभ्या आयुष्यात त्यानं मला माझ्याबद्दल प्रश्न विचारल्याचं मला आठवत नाही. मी गुडघ्यांबद्दल एवढं बोलले की तो कंटाळला.

आमच्या बचत गटाची बैठक महिन्यातून एकदा देवळाच्या ओट्यावर होते. कर्ज कशासाठी हवंय ते वहीत लिहावं लागतं: शेळी, शिलाई मशीन, मुलीची फी, दवाखाना. मागच्या खेपेला एका बाईनं पाच हजार मागितले. कारण काय लिहू, म्हणून सचिवबाईनं विचारलं. ती घुटमळली, मग म्हणाली, ह्यांचा दंड भरायचाय, पिऊन गाडी चालवताना पकडलंय. पूर्वी अशा वेळी आम्ही वहीत दवाखाना लिहून मोकळ्या झालो असतो. अध्यक्षबाई आमच्यातल्या सगळ्यात अडाणी, सही करायलाही गटातच शिकलेल्या. त्यांनी विचारलं, “हे कर्ज तुझं का त्याचं?”

“त्यांचं.”

“मग त्यांना लावून दे. अर्ज करू दे, आपण बघू.”

“ते नाही यायचे.”

“नाही आले तर नाही आले.”

ते आले नाहीत. अर्ज निघाला, आणि आम्ही शेळ्यांच्या विम्याकडे वळलो. त्यावर मात्र पुष्कळ भांडण झालं.